पाच लिटरचे पन्नास लिटर

किस्से मी कधी जमवले नाहीत. ते माझ्या दिवाणाखालच्या बाटल्यांसारखे साठत गेले, आणि बाटल्यांसारखेच काही भर दुपारी आपोआप फुटले. कोणता आधी घडला याची मला खात्री नाही. पण खात्री मला तशी कशाचीच नसते.

मी बुलढाण्याचा. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, पीएच.डी. यीस्टवर केली आणि निवृत्तीनंतर घरी पाच-पाच लिटर बिअर करू लागलो. पीएच.डी.चं सहसा सांगत नाही. पहिल्या घोटानंतर लोकांना बिअरपेक्षा पदवीचीच शंका येते.

*

माझा वर्गमित्र भास्कर जवळच्या धाड गावी भाजीपाला पिकवतो. पहिली बिअर त्यालाच पाजली. त्याने एक घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला.

"कशी आहे?"

"खोकला कोणाले झाला हाय?"

*

घरी बिअर करायला परवाना लागतो का, असं मी शेजारच्या वकिलांना भीतभीत विचारलं. ते म्हणाले, "सर, तुम्ही विचारलंच नाही, मी ऐकलंच नाही."

मी आभार मानून निघालो. फाटकाशी पोचलो तेव्हा मागून आवाज आला, "प्यायला तयार केव्हा होते?"

याला कायदेशीर सल्ला म्हणायचं का, ते मला अजून कळलेलं नाही.

*

भास्करच्या पंचाहत्तरीला पन्नास लिटर करायची ठरली. मी पाच लिटरच्या कृतीतला प्रत्येक आकडा दहाने गुणला. माझी बायको सुमन कागद वाचून म्हणाली, "आणि पातेलं?"

ते गुणायचं राहिलं होतं.

मग तिने अट घातली. "आजवर बादलीभर बिघडायची, मी मोरीत ओतायची. आता एक जरी ड्रम बिघडला, तर सगळं सामान भंगारात. तुम्ही मध्ये बोलायचं नाही."

मी कबूल झालो. पण चुकलो तरी उद्या पुन्हा करून बघता येईल, असं माझ्याकडे तेवढं एकच काम उरलं होतं.

*

भास्करने गावच्या लग्नांचं मोठं पातेलं शेतातल्या खोलीत आणून ठेवलं. त्यावर नाव कोरलेलं: त्याच्याच वडिलांच्या स्मरणार्थ. जन्मभर तुळशीची माळ घातलेला माणूस! मी म्हटलं, परत करू. भास्करने पातेलं फिरवून नाव भिंतीकडे केलं.

"बापू, जरा तिकडं पाहा. प्रोफेसरचं काम हाय."

*

माल्टचा काढा उकळला, की तो लवकर निवावा लागतो. मगच यीस्ट टाकता येतं. पातेलं बादलीभर पाण्यात ठेवलं की पाच लिटर अर्ध्या तासात निवतात. पन्नास निवेचनात. मी कागदावर आकारमान आणि पृष्ठभाग यांचं गुणोत्तर मांडू लागलो.

"पंगत उठली तरी वरण गरमच राह्यते," भास्कर म्हणाला. "हे आमच्या आचाऱ्याले बी मालूम हाय. तुले त्याच्यासाठी पीएच.डी. लागली काय बे?"

उपाय मात्र मी काढला. काढ्यात नळीचं वेटोळं सोडायचं आणि नळीतून विहिरीचं थंड पाणी खेळवायचं. भास्करने ठिबकची नळी आणली, मी ती स्वच्छ धुतली, मोटर सुरू केली.

काढा झपाट्याने निवू लागला. आणि वाढूही लागला.

एक रसायनशास्त्राचा डॉक्टर, दुसरा वीस वर्षं ठिबकवर मिरची घेणारा. ठिबकच्या नळीला भोकं असतात, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही!

पन्नासाचे बासष्ट लिटर झाले होते, तेही विहिरीचं कच्चं पाणी पडून. "पाव्हणे बी वाढलेच हायेत," भास्कर म्हणाला. ओतून द्यावं की पुढे जावं, ते ठरेना, म्हणून मी यीस्ट टाकलं.

घरी सुमनने विचारलं, "एवढं सगळं कसं काय निवलं?"

"पाण्यानं," मी म्हणालो.

*

काढा ड्रममध्ये भरून भास्करकडेच ठेवला होता. मी रोज फोन करायचो.

"बुडबुडे येतात का?"

"येऊन राह्यले."

"मिनिटाला किती?"

"आता बुडबुडे मोजू का वांगे तोडू?"

*

ती बिअर चांगली झाली. का झाली, ते मला माहीत नाही. पंचाहत्तरीच्या दिवशी वकील तिसरा ग्लास भरताना म्हणाले, "मी आलोच नव्हतो." सुमनने औषध घ्यावं तशी चमचाभर घेतली, मग आणखी चमचाभर.

"अशी आधी काऊन नाही केली?"

मी घाबरून नळीचं सगळं सांगून टाकलं. तिने तिसरा चमचा भरला. ड्रम आणि नळीचं वेटोळं भास्करने माझ्या घरी आणून टाकलं.

*

पुढच्या खेपेला मी तांब्याची नळी घेतली, बिनभोकांची. पाणी उकळून, गाळून, मोजून घेतलं. एकही चूक केली नाही. निदान मला सापडलेली नाही. पूर्ण ड्रम आंबट होऊन बिघडला.

अट म्हणजे अट. सुमनने भंगारवाल्याला बोलावलं. बरण्या, थर्मामीटर, ड्रम, तांब्याची नळी, सगळं गाड्यावर चढलं. मी पायरीवर बसून पाहत होतो. मध्ये बोललो नाही.

शेवटी त्याने ठिबकच्या नळीचं काळं वेटोळं उचललं.

"ते राहू दे," सुमन म्हणाली.

"काकू, याले त भोकं हायेत."

"मालूम हाय मले. तो ड्रम बी उतरव."