मोडीतून उठलेलं इंजिन

यॉर्कशायरमधला निवृत्त खाटीक क्लिफर्ड ऑग्डन आयुष्यभर फलाटाच्या टोकाला उभा राहून वाफेची इंजिनं बघत आला. असा छंद असलेल्या मंडळींचा नियम कडक: स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तेवढंच आपलं धरायचं. त्याच्या आवडत्या जातीतलं एकच इंजिन पाहायचं राहिलं आणि ते मोडीत निघालं. पुढे हौशी लोकांनी ते भंगारातून उचललं आणि वर्षानुवर्षं खपून पुन्हा उभं केलं.

ते स्टेशनात शिरलं तेव्हा सगळ्यांनी टोप्या हलवल्या. क्लिफर्डने खिशातले हात काढले नाहीत.

"झालं ना लेका मनासारखं?" त्याचा जुना मित्र डेरेक म्हणाला.

"कसलं डोंबलाचं? बॉयलर दुसऱ्याचा, चाकं तिसऱ्याची. नंबराची पाटी लावली की झालं का? मी हे धरत नाही."

बाकावर त्याची बायको मॉरीन थर्मासमधला चहा ओतत होती. असले वाद ऐकून तिचे कान किटले होते.

"तुझे दात नवे, गुडघे नवे, डोळ्यांतली भिंगंसुद्धा नवी," ती म्हणाली. "तरी मी तुला नवरा धरतेच ना?"

डेरेक खो खो हसला.

"माझा सांगाडा जुनाच आहे," क्लिफर्ड गुरगुरला. "इंजिनाची ओळख सांगाड्यावरून ठरते."

"मग याचा सांगाडा कुणाचा, ते बघ की," मॉरीन म्हणाली.

क्लिफर्ड फलाटाच्या कडेला गुडघे टेकून वाकला आणि चाकांमागे सांगाड्याच्या लोखंडात ठोकलेला आकडा शोधू लागला. बराच वेळ तो हललाच नाही.

"तोच आहे," शेवटी खालून आवाज आला. "आता मला कुणीतरी उभं करा."