शिळी उष्णता

कुठलाही पाइप दिसला की बंबकाका त्याला हाताची पालथी बाजू लावून बघायचे, लेकराचा ताप बघावा तसे. सदानकदा पाणी तापवण्यावर बोलायचे, म्हणून ऑफिसातल्या आम्हा मराठी मंडळींनी ठेवलेलं हे नाव. सिंगापुरातल्या वन-नॉर्थ भागातल्या आमच्या प्लँटमधून आसपासच्या इमारतींना एसीसाठी गार पाणी जायचं आणि तिथली उष्णता घेऊन परत यायचं. ती सगळी आम्ही गच्चीवरच्या कूलिंग टॉवरमधून आभाळात सोडायचो. शेजारच्या हॉस्टेलात मात्र अंघोळीच्या पाण्यासाठी गॅस जळायचा. काकांच्या डोक्यात तिडीक जायची. "इथे ओतून द्यायची आणि भिंतीपलीकडे नवी पेटवायची. ह्याला इंजिनिअरिंग म्हणतात?"

'वेस्ट हीट' हा शब्द त्यांना खपायचा नाही. "वेस्ट काय? शिळी म्हण. शिळ्या पोळीचा कुस्करा करतोस ना, की फेकतोस?" कुस्करा म्हणजे हीट पंप. कोमट पाण्यातली उष्णता उपसून कडकडीत पाणी करायचं आणि पाइपाने शेजाऱ्यांना पुरवायचं. रविवारीसुद्धा ते मला आंग मो किओ भागातल्या आपल्या घरी बोलावून आकडे तपासून घ्यायचे. "बाबा, संडे लाह," त्यांची मुलगी सिंगापुरी ढंगात कुरकुरायची. "टॉवरला असतो का संडे?" काका विचारायचे.

अखेर साहेबांपुढे योजना मांडायची वेळ आली. उत्साहाच्या भरात काका इंग्रजीत म्हणाले, "धिस इज नॉट वेस्ट हीट. धिस इज स्टेल हीट." साहेबांनी नाक मुरडून विचारलं, "स्मेली ऑल्सो?" टेबलाभोवती हशा पिकला. कुस्करा ठाऊक असलेला तिथे मी एकटाच होतो, आणि मीही हसलो.

पुढचा एकही तक्ता कुणी धड बघितला नाही. मला अजून चीड येते. वर्षभराची मेहनत एका शब्दावर दात काढून मोडीत काढणारी ही शहाणी माणसं, आणि भिंतीवर पर्यावरणाची पोस्टरं लावणारीही हीच. हॉस्टेलने नवा गॅसचा बॉयलर बसवला. आता पंधराएक वर्षं तो कुणी हलवणार नाही. काकांचा करार संपला तो पुन्हा झाला नाही.

शेवटच्या दिवशी ते ड्रॉवर रिकामा करत होते. मी तणतणत म्हणालो, "काका, ह्या लोकांना काडीची अक्कल नाही."

"त्यांना मराठी येत नाही रे," काका शांतपणे म्हणाले. "तुला तर येतं."