रशिदाच्या पिंपातलं पाणी

वराळ्याला आमच्या इमारतीत रशिदा बारा गाड्या धुते. पन्नाशीची बाई, पदर कमरेला खोचलेला, खांद्यावर मऊ फडकी. जिन्याखाली तिचं झाकणाचं पिंप आहे, त्यात पावसाचं साठवलेलं पाणी. गाडी बोअरच्या पाण्यानं धुतली तरी शेवटचा हात या पाण्याचा, हा तिचा नेम. रंगभूमीवर चाळीस वर्षं काढल्यामुळे असा नेम पाळणारी माणसं मला चटकन दिसतात.

तेजल आमची शेजारीण. तिनं भाड्यानं चालवायला नवी काळी गाडी घेतली आणि लोणावळ्याच्या एका हॉटेलात नवरीची गाडी म्हणून पहिलंच काम आलं. हॉटेलचा माणूस दुपारी चारला गाडी बघून मगच हो म्हणणार होता. उत्साहाच्या भरात पोरीनं आदल्या दुपारी स्वतःच बोअरच्या पाण्यानं गाडी धुतली आणि उन्हात वाळू दिली. अंगभर क्षाराचे पांढरे ठिपके.

सकाळी मी खाली गेलो, तर ती बाथरूमचं ॲसिड आणि घासणी घेऊन उभी.

"बाटली खाली ठेव," रशिदा म्हणाली. "डाग जाईल, संगं रंगबी जाईल."

"मग काय करू, मावशी? चारला तिथं पोचायचंय."

"आबा, नाटक संपल्यावर तुमी तोंडाचा रंग कसा काढायचा?"

"खोबरेल लावून. घासायचा नाही, सुटू द्यायचा."

"ऐक," ती तेजलला म्हणाली. "गाडीलाबी तोंडच हाय."

तिनं गाडी सावलीत घ्यायला लावली. पत्रा गार झाल्यावर शाम्पूनं धूळ काढली. पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पिंपातलं पाणी एकत्र करून आधी दाराच्या खालच्या कोपऱ्यावर लावून पाहिलं. मग ओलं फडकं एकेका जागी मिनिटभर नुसतं टेकवायचं, अलगद पुसायचं, वाळायच्या आत धुवायचं. तापल्या बाळाच्या कपाळावर पट्टी ठेवावी तशी तिची बोटं चालत होती. एवढा सावकाश, एवढा नेमका हात मी रंगपटातही क्वचितच पाहिला.

दोन तासांनी बॉनेटवर एकच ठिपका उरला. तेजलनं फडकं ओढलं. "जरा जोर लाव की."

"न्हाई. त्यो आत रुतलाय. घासला तर भवती धुरकट चट्टा पडंल, त्यो लांबून दिसंल. हा शोधावा लागतोय."

"हॉटेलवाल्याला दिसला तर?"

"तर माझं नाव सांग. पण घासू नको."

हट्टानं मीही लोणावळ्याला गेलो. हॉटेलच्या माणसानं गाडीभोवती फेरी मारली, बॉनेटवर वाकला. त्यानं खिशातून कंगवा काढला, बॉनेटमध्ये बघत भांग नीट केला आणि गाडी सजवायला फुलवाल्याला हाक मारली.

परत येऊन मी सगळा प्रवेश रशिदाला साभिनय करून दाखवला. ती पिंपावर झाकण ठेवत होती. "भांग कुठल्या बाजूला पाडतो त्यो?" तिनं विचारलं. मी डाव्या बाजूला बोट फिरवून दाखवलं. "डावीकडं? तरीच. ठिपका उजवीकडं हाय."