सीताफळांच्या चित्रावरचे नाव

अंबाजोगाईच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आश्रुबांनी एकेचाळीस वर्षे हमाली केली. पाठीवर क्विंटलभर ओझे घेऊन ते फळीवरून चढत, पण कुणाच्या मालाला त्यांनी कधी खोटा हात लावला नाही. अक्षर मात्र त्यांना येत नव्हते. पोत्यावर व्यापाऱ्याचे नाव आणि गाव शाईने लिहिलेले असते, त्याला मोंढ्यात मार्का म्हणतात. आश्रुबा मार्का वाचत नसत, चेहऱ्यासारखा ओळखत असत. माल एका व्यापाऱ्याकडून दुसऱ्याने घेतला, की जुन्या मार्क्यावर शाईचा बोळा फिरवायचा आणि शेजारी नव्या धन्याचे नाव टाकायचे, हा तिथला रिवाज. ज्याचे नाव, त्याचा माल. पुसल्या गेलेल्या नावासाठी मोंढ्यात कुणी हळहळल्याचे आश्रुबांनी पाहिले नव्हते.

गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा हमाली सुटली. वयाच्या पासष्टाव्या वर्षी ते राजनंदिनीबाईंच्या प्रौढ साक्षरता वर्गात जाऊन बसले. वर्षभर पाटी घासल्यावर त्यांना आपले नाव लिहिता आले. मग त्यांनी ते दारावर लिहिले, पाण्याच्या टाकीवर लिहिले, खाटेच्या पायावरही लिहिले. त्यांची पत्नी छबुबाई म्हणाली, "माझं कपाळ तेवढं कोरं राह्यलंय. तिथं बी लिवून टाका, म्हंजे मी हरवणार न्हाई!"

त्याच सुमारास घाटनांदूरच्या मोहनरावांचे आमंत्रण आले. मोहनराव मोठे शेतकरी, पुढारी माणूस. त्यांचे सोयाबीन आश्रुबांनी वर्षानुवर्षे उतरवले होते. त्यांच्या नव्या बंगल्याची वास्तुशांती होती. भिंतीवरची घड्याळे आणि स्टीलची भांडी तर सगळेच आणणार. आपण हमाल असलो, तरी आपली भेट चार लोकांत उठून दिसावी, असे आश्रुबांच्या मनाने घेतले. लोभाचे पहिले बीज तेच.

एका रविवारी राजनंदिनीबाईंनी वर्गातल्या सर्वांना एका शाळेच्या सभागृहात नेले. तिथे नव्या चित्रकार मुलामुलींनी आपली चित्रे दोरीला चिमटे लावून मांडली होती. किमती सामान्य माणसाला झेपतील अशा होत्या. आश्रुबा एका चित्रापुढे थांबले ते थांबलेच. गवतावर रचलेली सीताफळे आणि त्यांत शेवटचे फळ ठेवणारा एक पुरुषी हात. नखांत माती, अंगठ्याला जुनी चीर. चित्राची डावी बाजू नुसती पांढरी होती.

"हा हात मी पाह्यलाय," आश्रुबा म्हणाले.

चित्राशेजारी उभी असलेली मुलगी हसली. "माझ्या अब्बांचा हाय, काका. बसस्टँडजवळ गाडा लावतात. जमील."

"जमीलची पोरगी का तू? नाव काय बेटा?"

"हीना."

"अशी किती हायेत तुझ्याकडं?"

"एकच."

"म्हंजे दुसरं काढून देणार न्हाईस?"

"काढलं तरी हे होणार न्हाई. छापील असतं तर शंभर निघाली असती. हे हातानं काढलंय, एकदाच."

आयुष्यभर एकसारखी पोती वाहिलेल्या माणसाला ही गोष्ट फार मोठी वाटली. दोन दिवसांच्या जुन्या हमालीएवढ्या पैशांत जगात एकच असलेली वस्तू आपली होत होती. त्यांनी घासाघीस केली नाही. चित्र मोहनरावांच्या दिवाणखान्यात लागणार हे कळल्यावर हीनाचा चेहरा उजळला.

"तिथं लई लोक येत असतील ना, काका? माझं हे पहिलंच विकलं. अब्बा म्हणतात, दिवाळीपर्यंत चित्रांचं काही काम मिळालं तर ठीक, न्हाई तर फ्लेक्सच्या दुकानात बसायचं. कुणी नाव वाचून विचारलं तर..." तिने चित्राच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवले. तिथे बारीक अक्षरांत 'हीना जमील' असे लिहिलेले होते.

आश्रुबांनी ते अक्षर अक्षर जुळवून मोठ्याने वाचले. मुलीने टाळी वाजवली. "वास्तुशांतीला तू बी ये," ते म्हणाले. "लोक काय म्हणतात ते बघ."

घरी आल्यावर त्यांनी चित्र भिंतीला टेकवून ठेवले आणि दोन दिवस पाहिले. तिसऱ्या दिवशी त्यांना वाटले, हे आता आपले आहे, पण ते कुणाला कळणार? भेटीच्या ढिगात चित्र पडेल आणि आणणारा कोण हे विचारायला कुणी थांबणार नाही. डावीकडे तर एवढी जागा रिकामीच पडली होती. त्यांनी दाराला मारून उरलेला लाल रंग काढला. आधी कोपऱ्यातल्या बारीक नावावर त्यात बुडवलेला चिंधीचा बोळा फिरवला. मग रिकाम्या पांढऱ्या जागेत, जीव ओतून, एकेक काना सरळ ओढत त्यांनी लिहिले: आश्रुबा दगडू, अंबाजोगाई.

छबुबाईने विचारले, "तिचं कावून पुसलं?"

"विकत घेतलं की न्हाई आपण? मग मार्का आपला."

दुसऱ्या दिवशी चौकट करून घेतली आणि चित्र घाटनांदूरला पोचते झाले.

वास्तुशांतीच्या दिवशी मोहनरावांनी ते चित्र खरोखरच दिवाणखान्याच्या मधोमध लावलेले होते. जेवणे उरकून मंडळी पान खात बसली होती. कुणीतरी विचारले, हे कुणाचे? मोहनराव लाल अक्षरांजवळ गेले, वाचले आणि मोठ्याने हसले.

"अरे आश्रुबा! तू काढलंस हे? परवापतोर अंगठा लावत होतास, आता चित्रं बी काढाया लागला का बे?"

सगळे वळून आश्रुबांकडे पाहू लागले. आप्पाराव सरपंच म्हणाले, "हातात कला होती म्हणायची. पोत्याखाली दबून गेली बिचारी."

'न्हाई मालक' एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. ते ओठांपर्यंत आले. पण त्या खोलीतल्या कुणी आश्रुबांना आजवर खुर्ची दिली नव्हती, आणि आता आप्पाराव स्वतः सरकून जागा करून देत होते. आश्रुबांनी मान खाली घातली. ती मान होकारासारखी हलली. ते खुर्चीवर बसले.

बसल्यावर त्यांनी दाराकडे पाहिले. दारात हीना उभी होती. तिच्या मागे जमील, हातात केळ्यांची फणी. आमंत्रण आश्रुबांनीच दिले होते.

हीना चित्राकडे पाहत होती. तिची नजर कोपऱ्यातल्या लाल डागावर गेली, तिथून पांढऱ्या जागेवर. ती वळून अंगणात उतरली. जमीलने केळी उंबऱ्यावर ठेवली आणि मागोमाग अंगणात आलेल्या आश्रुबांना तो हळू आवाजात म्हणाला, "आश्रुबाभाई, माल आमच्या पोरीचा आन् ठप्पा तुमचा? आमी गाड्यावर सडकं फळ खाली लपवत न्हाई. तुमी तर अख्खी पोरगीच लपवली."

हीना एवढेच म्हणाली, "अक्षर चांगलं आलंय, काका."

शिवी दिली असती तर ती सोसली असती. या वाक्याने मात्र त्यांचे अन्न गेले. ताटावर बसले की तोंडातला घास फिरायचा. छबुबाईने दोन दिवस पाहिले आणि म्हणाली, "लाज पोटात ठिवून भाकरी कशी जाईल? जा आन् सांगून या."

चौथ्या दिवशी आश्रुबा घाटनांदूरला गेले. दिवाणखान्यात पाचसहा माणसे होती. आश्रुबा बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "मालक, हे चित्र मी काढलेलं न्हाई. जमील फळवाल्याच्या हीनानं काढलंय. तिचं नाव मी पुसलं. त्या दिवशी तुमी विचारलं आन् मी गप राह्यलो."

हशा पिकला. "तरीच म्हणलं!" कुणीतरी मांडीवर थाप मारली. मोहनराव मात्र हसले नाहीत.

"मी तालुक्यातल्या चार मोठ्या माणसांना सांगितलं, माझ्या हमालानं काढलंय म्हणून. आता माझं तोंड कुठं गेलं? कशाला आलास मग सांगायला? गप बसला असतास तर काय बिघडत होतं?"

"पोरीचं बिघडत होतं, मालक. तिचं नाव लोकांना सांगा. लई गुणाची हाय."

"लाल रंगानं बरबटलेलं चित्र दाखवून नाव सांगू? काढ ते. घेऊन जा."

आश्रुबांनीच खुर्चीवर चढून चित्र उतरवले. खरे बोलल्याने मुलीची ती एक भिंतही गेली, हे त्यांना उतरताना कळले.

दिवाळी होऊन गेल्यावर आश्रुबा चित्र काखेत घेऊन फ्लेक्सच्या दुकानात गेले. हीना संगणकापुढे बसली होती. पडद्यावर कुण्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फलक होता आणि खाली शुभेच्छुकांचे वीस फोटो. आश्रुबांनी सगळे सांगितले, काही गाळले नाही.

"लाल रंग निघंल का, बेटा?"

तिने चौकट उजेडात धरली. "तेलाचा हाय. कागद फाटंल." मग पांढऱ्या भागावर नजर ठेवून म्हणाली, "ती जागा रिकामी नव्हती, काका. ते ऊन होतं."

आश्रुबांनी हात जोडले. "हे तूच ठेव. माझ्याच्यानं बघवत न्हाई."

"विकलेलं मी परत घेत न्हाई. तुमच्या घरी लावा."

"लोक विचारतील."

"विचारू द्या." ती पुन्हा पडद्याकडे वळली. "आता जा काका. हा फलक दुपारपर्यंत द्यायचाय."

तिने माफ केले की नाही, हे आश्रुबांनी विचारले नाही. विचारण्याचा हक्क आपल्याला उरलेला नाही, असे त्यांनी मानले.

चित्र आता त्यांच्या ओसरीवर आहे. आलेला प्रत्येक जण लाल अक्षरे वाचतो आणि कौतुकाने विचारतो. आश्रुबा त्याला बसवतात, पाणी देतात आणि हीनाचे नाव, तिच्या दुकानाचा पत्ता आणि आपली करणी सांगतात. काही जण समजूत घालतात, "जाऊ द्या, तुमाला काय माहीत होतं? अडाणी माणूस."

तेव्हा आश्रुबा मान हलवतात आणि म्हणतात, "न्हाई. अडाणी असतो तर सुटलो असतो. मी ते नाव मोठ्यानं वाचलं होतं, तिच्यासमोर. मग पुसलं."