देवाल्टचं खोलगट चाक

देवाल्ट फेन्स्टरमाखर हा माणूस चांगला होता, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे गेल्यावर ते सांगायची माझी इच्छा राहील की नाही याची मला खात्री नाही. आमच्या हिर्शटाल गावात कुणालाही विचारा, हेच सांगतील. वीस वर्षं झाली, माझा राग त्या सांगणाऱ्यांवरच आहे.

तो आमच्या गावचा नव्हे. नदीपलीकडून आला, पिंपं करणाऱ्याचा मुलगा. आमच्याकडे गाडीची चाकं करायची ती हुमेलांनी. आजोबा करायचे, वडील करायचे, मी योस्ट हुमेल करत होतो. फिलाडेल्फियाहून पिट्सबर्गला माल नेणाऱ्या सहा घोड्यांच्या गाड्या आमच्या सराईत मुक्काम करत, आणि चाक कुरकुरलं की गाडीवान इकडेतिकडे न बघता माझ्या दारात येत. माझ्याकडे शेत नव्हतं, जंगल नव्हतं. वाडवडिलांनी मागे ठेवलेली इस्टेट म्हणजे हे नाव. ते गेलं असतं तर मी सांगून सवरून एक साधा सुतार उरलो असतो, आणि तेच मला नको होतं.

देवाल्ट आला तेव्हा मी हसलो होतो. लांब मान, सुपाएवढे कान, आणि बोलता बोलता मध्येच थांबून स्वतःच्या हातांकडे बघायची सवय. वाटायचं, पुढचा शब्द तळहातावर लिहून आणलाय. आल्या आल्या माझ्या शेडमध्ये शिरला आणि तयार चाकापाशी उकिडवा बसला.

"योस्टभाऊ, एक विचारू?"

चर्चमध्ये आम्ही सगळेच एकमेकांना भाऊ म्हणतो. हा पठ्ठ्या धंद्यातही म्हणायचा.

"विचार."

"चाक मोडतं ते वजनाने मोडतं असं सगळे म्हणतात. मला नाही वाटत तसं. घोडा पाऊल टाकतो तशी गाडी डुलते. सगळं वजन एकदा या चाकाला बाहेर ढकलतं, एकदा त्या. चाक आडव्या धक्क्याने मोडतं." थांबला, हात बघितले. "पिंपाच्या फळ्या आम्ही कलत्या बसवतो. तसे आरे बऱ्यापैकी कलते बसवले, आणि एक जरा पुढे, एक जरा मागे असे ठोकले, तर?"

"देवाल्ट, पिंप गडगडत नेतात. त्याला कुणी घोडे जुंपत नाही."

शेडमधले दोन गाडीवान खो खो हसले. देवाल्टही हसला. ही त्याची फार वाईट खोड. टोमणा मारला की तो समोरच्याला लागायला हवा. ह्याला मारलेला टोमणा कापसात पडावा तसा पडायचा.

मग त्याने ते चाक केलं. आमचीही चाकं अगदी सपाट नसत, थोडी खोलगट असतच. पण ह्याचं म्हणजे सूप वाढायचं ताट. मधला तुंबा आत, घेर बाहेर, आणि आरे दोहोंकडून तुंब्याला धरून उभे. गावाने नावं ठेवली. मी सगळ्यांत जास्त ठेवली. आणि ते चाक डोंगर ओलांडून गेलं आणि परत आलं.

आता घंटांचं सांगायला हवं. आमच्या घोड्यांच्या मानेवर घंटांची कमान असते. गाडी वाटेत अडकली आणि दुसऱ्या गाडीवानाने ओढून काढली, तर आपल्या घंटा सोडून त्याला द्यायच्या, हा रस्त्याचा कायदा. त्यामुळे गाडी गावात शिरताना डोळे मिटून सांगता येतं की खेप कशी झाली. देवाल्टची चाकं लावलेल्या गाड्या जाताना जेवढ्या वाजत, येताना त्याहून जास्त वाजत.

"ऐकलंत का?" माझी बायको सालोमे सुक्या सफरचंदाच्या फोडी ताटात वाढता वाढता म्हणायची. "देवाल्टची गाडी आली."

"गाडी त्याची नाही. गाडीवानाची आहे."

"चाकं देवाल्टची."

"घोडे तरी घोडीने दिलेत ना? की तेही त्यानेच तासले?"

"जेवा आता. मी आपलं वाजलं ते सांगितलं."

मला हेवा वाटत होता. इतका की जिभेवर त्याची चव यायची. त्याच्या दारातल्या गाड्या मी खिडकीतून मोजायचो आणि मोजून झाल्या की परत मोजायचो. त्याच्या घरी आंबवलेली कोबीसुद्धा माझ्या घरच्या कोबीपेक्षा चांगली आंबली असणार असं वाटायचं. चर्चमध्ये तो बेसूर गायचा, आणि त्याचा बेसूर आवाजही लोक प्रेमाने ऐकतात हे बघून माझं डोकं उठायचं.

त्यात एक दिवस मेल्कियोर आला. हा सालोमेचा भाऊ, गाडीवान, आणि लहानपणापासून माझ्याच चाकांवर वाढलेला.

"दाजी, राग मानू नका. पण पुढच्या खेपेला चाकं मी देवाल्टकडून घेणार आहे."

"तू घरचा माणूस, मेल्क."

"घरचा म्हणून तर सांगायला आलो. बाकीच्यांनी न सांगताच घेतली."

माझ्या कानांतून जाळ निघाला. "थांब," मी म्हणालो. "तशीच चाकं मी देतो. त्याच्यापेक्षा भक्कम."

"तुम्हाला येतात?"

"तू मला विचारतोस? हुमेलला?"

येत नव्हती. म्हणून त्या रविवारी माझा दात दुखायला लागला. सालोमे एकटीच चर्चला गेली आणि मी गालाला फडकं बांधून देवाल्टच्या शेडमध्ये गेलो. त्याचा कुत्रा मला ओळखत होता. त्याने माझा हात चाटला, आणि चोराचा हात चाटणाऱ्या त्या मूर्ख जनावराचाही मला राग आला. तयार चाक भिंतीला टेकलेलं होतं. ते मी जमिनीवर आडवं केलं, घेरावर आडवी पट्टी ठेवली आणि खड्डा मोजला. भरली चार बोटं. माझ्या चाकात जेमतेम दीड भरायची. आरे किती पुढे, किती मागे, सगळं दोरीला गाठी मारून घेतलं, चाक होतं तसं उभं केलं, आणि घरी येऊन खरोखरच दात दुखत असल्यासारखा निजलो.

सहा आठवडे राबलो. खोटं कशाला बोलू, सुंदर चाकं झाली. मग गाडीचा आस, म्हणजे दोन चाकांमधला दांडा, करायला घेतला. आसाची टोकं सरळ नसतात, जराशी खाली झुकवतात. किती झुकवायची त्याच्या मापाची एक फळी वडिलांनी कापून भिंतीला टांगली होती, आजोबांच्या फळीवरून. आमच्यात बापाच्या फळीला कुणी रंधा लावत नाही. ती धूळ पुसून घ्यायची, तिच्यावरून रेघ मारायची आणि परत टांगायची. मी तेच केलं. देवाल्टचं चाक पूर्ण चोरलं, पण त्याच्या गाडीखाली वाकून आस बघावा असं मनातही आलं नाही. आस काय, तो तर वडिलांनी कधीच ठरवून ठेवलेला होता.

मेल्क माझी चाकं लावून खेपेला निघाला. नवव्या दिवशी परत आला, दुसऱ्याच्या गाडीत आडवा, पायाला फळ्या बांधलेला. मागून त्याची गाडी ओढत आणली होती. तिचे घोडे मुके होते.

"चाक उलटं झालं, दाजी," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, नुसता दमलेला होता. "ॲलेगेनी डोंगराच्या उतारावर. पायमोजा काढताना आतली बाजू बाहेर येते ना, तसं. मी बाजूने चालत होतो."

त्याला ओढून काढणारी गाडी देवाल्टच्या चाकांवर होती. घंटा त्या गाडीवानाला गेल्या.

सराईच्या आवारात गाडीवान जमले. देवाल्ट आला, थेट गाडीखाली शिरला आणि बराच वेळ पाठीवर पडून राहिला. मला कळलं की आता संपलं. बाहेर आल्यावर हा एकच वाक्य बोलणार, आणि तीन पिढ्यांचं नाव त्या आवारात आडवं होणार.

"हे खोलगट चाक कुणाचं?" एका गाडीवानाने विचारलं.

देवाल्टने अंगावरची माती झटकली, हातांकडे बघितलं.

"माप माझं," तो म्हणाला. "योस्टभाऊंना चाकाचं माप मी दिलं आणि आसाचं सांगायचं राहून गेलं. चाक जितकं खोल, तितकी आसाची टोकं खाली वळवावी लागतात. नाहीतर ओझ्याखालचा आरा जमिनीवर उभा राहत नाही, आत कलतो. ती चूक माझी."

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण मग त्यात पाइप घातला.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला आणि कोळशाने माझ्या दारावर आसाची रेघ काढून दाखवली. चोरीबद्दल अक्षर नाही. मेल्कचा पाय कसा आहे विचारलं आणि गेला. त्या रेघेवरून मी नवी फळी कापली. वडिलांची फळी सालोमेने काढून ठेवली, कुठे ते मी विचारलं नाही.

आणि गाड्या परत माझ्या दारात यायला लागल्या. आधी एक, मग चार, मग रांग. मला वाटलं, देवाल्टने सगळ्यांसमोर चूक कबूल केली, त्याच्यावरचा लोकांचा भरवसा उडाला. त्याचं आवार रिकामं पडलं. तो परत पिंपं करायला बसला. अख्खा हिवाळा मी त्याच्या मापाने खोलगट चाकं केली, आणि ती डोंगरावरून धडधाकट परत आली. पुन्हा 'हुमेलचं चाक' ऐकू येऊ लागलं. मला हवं होतं ते सगळं मिळालं, आणि एक घास गोड लागेना.

याला पश्चात्ताप म्हणू नका. मी स्वतःला ओळखतो. हेवाच होता, फक्त आता तो चाकाचा नव्हता. भर आवारात दुसऱ्याची चूक अंगावर घेऊन माणूस शांतपणे पिंपं ठोकत बसतो, हे मला का जमत नाही, म्हणून जळत होतो. शेवटी ठरवलं की एकदा तरी ह्याच्यापेक्षा मोठं व्हायचं. सगळ्यांसमोर खरं सांगायचं. नाव गेलं तर गेलं.

मार्चमध्ये एका दुपारी सराईत गेलो. गाडीवान जेवत होते. सराईची मालकीण अपोलोनियाबाई पातेल्यातून वाढत होती. मेल्क भिंतीशी पाय लांब करून बसला होता. तो पाय काही पूर्वीसारखा झाला नाही. मी टोपी काढली.

"देवाल्टने मला माप दिलं नव्हतं," मी म्हणालो. "मी त्याच्या शेडमध्ये शिरून चोरलं. मेल्कचा पाय माझ्यामुळे गेला. देवाल्ट खोटं बोलला आणि मी बोलू दिलं."

कुणाचा चमचा थांबला नाही.

"बसा दाजी," मेल्क म्हणाला. "जेवण गार होतंय."

"ऐकलंस ना मी काय बोललो?"

"सगळ्यांना माहीत आहे. देवाल्टची आई त्या रविवारी घरातच होती, अंथरुणावर. खिडकीतून सगळं बघितलं म्हातारीने. चाक तुम्ही परत नीट टेकवून ठेवलंत, असं कौतुकही केलं तिने."

"मग माझ्याकडे कशाला येत होतात? सगळा हिवाळा?"

 अपोलोनियाबाई म्हणाली, "त्यानेच पाठवलं. म्हणाला, चाक असं मोडलं की करणाऱ्याचा हात भितो. लगेच काम मिळालं नाही तर तो हात पुन्हा बसत नाही. तेव्हा या वर्षी चाकं योस्टभाऊंकडेच घ्या, आस आता त्यांचा बरोबर आहे." मग तिने माझ्यापुढे ताट ठेवलं. "तुम्हाला सांगायचं नाही असं म्हणाला होता. पण तुम्हीच विषय काढलात."

मी जेवलो नाही. हिवाळाभर केलेलं एकेक चाक डोळ्यांपुढे येत होतं. लाकूड माझं, घाम माझा, आणि तरी त्यातलं एकही मी मिळवलेलं नव्हतं. त्याने दिलेलं होतं. मी तसाच टोपी हातात घेऊन त्याच्या शेडवर गेलो. तो पिंपाला कडं बसवत होता.

"बसा योस्टभाऊ."

"बसत नाही. एकच विचारायला आलोय. खरं सांगशील?"

"सांगीन की."

एवढ्या वर्षांनी हे लिहितानाही कान गरम होतात. मी आभार मानायला गेलो नव्हतो, माफी मागायलाही नाही. मी विचारलं, "देवाल्ट, आल्यापासून आजपर्यंत, एकदा तरी तुला माझा हेवा वाटला का?"

त्याने हातोडी खाली ठेवली. हातांकडे बघितलं. प्रामाणिकपणे आठवून बघत होता, हे दिसत होतं, आणि त्याला फार वेळ लागला.

"नाही," तो म्हणाला.

भरल्या आवारात माझ्यासाठी खोटं बोललेला माणूस. तेवढं एक खोटं काही बोलला नाही.