बारा पासिंग

आमच्याकडं जुनी गाडी घ्यायची म्हटलं की माणसं आधी बॉनेट उघडत नसत. आधी गाडीपुढं उकिडवं बसायचं आणि नंबरपाटी वाचायची. पाटीवरनं गाडीची सगळी कुंडली मांडायची. मुंबई पासिंग असेल तर नकोच, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यानं पत्रा आतनं सडलेला असतो. अकरा म्हणजे सातारा, घाट चढून चढून इंजिन दमलेलं. सोळा म्हणजे नगर, उसाच्या फडात राबवलेली. मग उरलेल्या आकड्यांची बेरीज करायची. नऊ आली तर उत्तम, आठ आली तर शनी. नव्वदच्या दशकात बारामती-इंदापूरला स्वतःचा नंबर नव्हता. पुण्याचा बारा तोच आमचाही बारा. वीतभर पत्र्यावर अख्खा मुलूख मावतो, याचं मला तेव्हा फार नवल वाटायचं. अजूनही वाटतं.

मी मूळची वडगाव निंबाळकरची. लग्न होऊन निमगाव केतकीला आले. माझ्या सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणायचं. मेंढरं राखण्यात त्यांचा जन्म गेलेला. शाळेचं तोंड बघितलेलं नव्हतं, पण आकडे ओळखायचे. बाजारच्या दिवशी रस्त्याकडेला बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांकडं बघत राहायचे. ही सोलापूरची, ही कोल्हापूरची, ती पार नाशकाची. मेंढराच्या कानावरची खूण बघून कळप ओळखावा, तसं चालायचं त्यांचं. मला वाटायचं, म्हाताऱ्याचा विरंगुळा आहे.

गुडघे गेले तशी आबांनी मेंढरं विकली. शेवटचा कळप गेला त्या दिवशी ते जेवले नाहीत. त्या पैशातनं एक जीप घ्यायची आणि निमगाव-इंदापूर-बारामती वडाप करायचं, असं आमच्या मालकांनी ठरवलेलं. वडाप म्हणजे वाटेत हात करील त्याला आत कोंबायचं आणि गच्च भरल्याशिवाय जागची हलायचं नाही. मालकांच्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच, झोपेतसुद्धा गिअर टाकायचे. आबांनी होकार दिला, पण एक अट घातली. "गाडी कसली बी घे. पासिंग बारा पायजे."

आणि नेमकी सापडली ती तेरा. अकलूजकडच्या एका बागायतदाराची जीप, सोलापूर पासिंग. काय सांगू, गाडी नव्हती, नवरी होती. टायर कोरे, गाद्या न फाटलेल्या, एका हाकेला सुरू होणारी. बेरीज केली तर नऊ. मालक तिच्यावर इतके भाळले की घरी आल्यावर भाकरी चटणीत बुडवायच्या ऐवजी पाण्यात बुडवली. दुसऱ्या दिवशी आबांना घेऊन गेले. आबा तिच्यापुढं उकिडवे बसले, पाटी बघितली आणि उठले. ही आपली न्हवं, एवढं म्हणाले आणि एसटीच्या थांब्याकडं चालायला लागले.

घरात आठवडाभर तोंडं फुगलेली. गावात ज्याला-त्याला वाटलं, आबा तेराला भ्याले. तेरा म्हणजे तेरावं, मेल्या माणसाचं. ज्यानं-त्यानं आपापला उपाय आणला. कुणी म्हणालं पाटीला लिंबू बांधा, कुणी म्हणालं नारळ फोडून घ्या, तेराचा दोष निघतो. मालक तर गुरुजींनाच घरी घेऊन आले. गुरुजींनी सांगितलं की तेरा त्रयोदशी, चांगला दिवस. आबांनी त्यांना चहा पाजला, पाया पडले आणि वाटेला लावलं.

मग माझंच डोकं फिरलं. मी काही गप्प बसणारी सून नव्हे. चहाचा कप त्यांच्यापुढं जरा आदळलाच आणि बोलायला लागले. सोन्यासारखी गाडी हातची जाईल, तुमच्या लेकानं कामधंदा करायचा का नाही, एका आकड्यापायी घराला वेठीला धरलंय, असं बरंच बोलले. आबांनी सगळं ऐकून घेतलं. कप उचलला, बशीत ओतला, पण प्याले नाहीत.

"पोरी, तेराला कोन भितंय? दर साली आमी घाट उतरून खाली कोकनात मेंढरं न्यायचो. ज्या गावात शिराव तितं पयला सवाल एकच. कुठलं रं तुमी? निमगावचं म्हनलं तर कुनाला ठावं न्हाय. मंग कुठलंच न्हाय असं धरून चालायची लोकं."

त्यांनी बशी खाली ठेवली. मग सांगितलं ते असं. दोन-तीन सालाखाली तिकडच्या एका गावात विहिरीवरची मोटर चोरीला गेली. गावकऱ्यांनी आबांना आणि सासूबाईंना देवळाच्या पायरीवर दिवसभर उन्हात बसवून ठेवलं. मेंढरं तिकडं पाण्यावाचून ओरडत होती. येणारा-जाणारा विचारत होता, कुठलं रं तुमी. तेवढ्यात एक मालट्रक आला. लोकांनी त्यालाही अडवलं.

"एक जन म्होरं गेला, पाटी वाचली. म्हनला, पुन्याची गाडी हाय, जाऊ द्या. गेली की गाडी. मी बी पुन्याकडचाच हुतो गं. पर माज्यावर कुठं लिवलेलं न्हवतं."

सासूबाई चुलीपुढं बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही, नुसती लाकडं आत सारली. रोज ओसरीच्या कोपऱ्यात घोंगडं पांघरून बसणारा हा माणूस मला एकाएकी केवढा मोठा दिसायला लागला. मी तो गार झालेला चहा उचलला आणि दुसरा करून आणला.

मालकांना मी रानात जाऊन सांगितलं. आईला उन्हात बसवलेलं त्यांनाही ठाऊक नव्हतं. संध्याकाळी अकलूजला निरोप गेला, गाडी नको म्हणून.

बारा पासिंगची मिळाली ती बारामतीत, आणि काय मिळाली म्हणता. एक दार तारेनं बांधलेलं, हॉर्न सोडून सगळं वाजणारं, वर बेरीज आठ. बघायला आलेल्यांनी तोंडाला रुमाल लावले. आबा पुढं बसले, पाटीवरच्या बारावरनं बोट फिरवलं आणि "हीच" म्हणाले. घरी आणल्यावर मी पूजेला ताट घेऊन गेले. बॉनेटवर कुंकू लावायला लागले तर आबांनी पाटीला लाव म्हणून सांगितलं. "पर बारा झाकू नगंस," असंही वर बजावलं. वडाप सुरू झालं. शनी-बिनी काही आडवा आला नाही. दार तेवढं आणखी दोनदा निखळलं.

पुढल्या उन्हाळ्यात घाटाखाली नात्यातलं लग्न निघालं. आबा नवा पटका बांधून पुढच्या सीटवर बसले. मी आणि सासूबाई मागं. घाट उतरल्यावर एक नाका होता. तिथल्या खाकीतल्या माणसानं काठी आडवी केली. गाडी थांबली आणि बघते तर आबांचे हात आपोआप जोडले गेलेले. तो माणूस पुढं आला, पाटी वाचली आणि काठीनंच जा म्हणून खुणावलं. आबांकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही.

गाडी चांगली पुढं गेली तरी आबांचे हात तसेच होते. मग म्हणाले, माघारी वळीव. मालकांना वाटलं, काही विसरलं. लग्नाची वेळ टळत होती, पण त्यांनी मुकाट्यानं गाडी वळवली. पुन्हा तोच नाका. या वेळी तो माणूस हसत खिडकीशी आला.

"बाबा, आत्ताच तर गेलात. आता कुठं?"

कुठलं, हेच विचारलेलं आबांनी जन्मभर ऐकलं होतं; कुठं, असं कुणी विचारलंच नव्हतं. मागं सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला. आबांनी पटका सारखा केला, नीट ताठ बसले.

"घरी," म्हणाले.

त्यानं काठी वर केली. मालकांनी घाटाच्या दिशेनं गाडी जरा पुढं नेली, पहिल्या वळणापर्यंत, आणि मग लग्नाकडं वळवली.