बाबा, मामा आणि मस्कतची मेडिकल

मस्कतमध्ये खिडक्या कितीही घट्ट लावा, घरात बारीक वाळू येतेच. सकाळी झाडा, संध्याकाळी पुन्हा तेवढीच! आमच्या घरातल्या किश्श्यांचंही तसंच आहे. मी काही गोळा करायला जात नाही, ते आपोआप साठतात.

पुरवठादार दोघं. माझे बाबा, पेणच्या रामवाडीचे. आणि आईचा धाकटा भाऊ सुरेशमामा, रोह्याचा. दोघं एकाच कंपनीत, एकाच फ्लॅटमध्ये. शिक्षण संपवून मीही इथेच नोकरीला आले आणि त्यांच्यात राहायला लागले. आई पेणला. गेल्या वर्षी कंपनीच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना साफ सांगितलं, वजन आणि शुगर उतरवा, नाहीतर पुढच्या मेडिकलला नापास आणि थेट घरी!

बाबा म्हणाले, "घरी मी माझ्या मर्जीनं जाईन. डॉक्टरनं हाकलला म्हणून नाय जाणार!"

हे बोलायला ते. त्यांना फिट करायला मी!

*

मे महिन्यात इथे सूर्य वर यायच्या आधीच घाम फुटतो. मी म्हटलं, पहाटे समुद्रावर चालायला जात जा. मामा म्हणाला, "घामच गाळायचा ना? त्याला समुद्र कशाला?"

संध्याकाळी ऑफिसातून आले तर मामा बाल्कनीत खुर्ची टाकून बसलेला. बनियन पिळून काढावा इतका भिजलेला.

"झाला व्यायाम!"

"मामा, आपल्या पेणला पापडपण उन्हात असाच पडून असतो. तो काय फिट होतो?"

"हलका तरी होतो ना!"

*

आमच्याकडच्या माणसाला 'भात कमी खा' म्हणणं म्हणजे 'श्वास कमी घे' म्हणण्यासारखं आहे. तरी मी फर्मान काढलं, एका वेळी एकच वाटी. दोघांनी निमूटपणे मान डोलावली. मी इतकी खूश, की मैत्रिणींना फोन करून सांगितलं!

एक दिवस लवकर घरी आले. दोघं जेवत होते. समोर दोन वाट्या. एकेकीत चार माणसांची आमटी मावली असती.

"ही वाटी?"

बाबांनी मामाकडे बघितलं. मामा शांतपणे म्हणाला, "आमच्या रोह्यात हिला वाटीच म्हणतात."

"पेणला," बाबा म्हणाले, "याहून मोठी असते."

*

तिकडून आईचा वेगळाच मोर्चा. मी फोनवर बजावलं होतं की कुणी येणार असेल तर त्याच्याबरोबर खायचं काहीही पाठवायचं नाही. तिने डबाभर नाचणीचे पापड पाठवले.

"नाचणी हाय गो! डॉक्टरच सांगतात, नाचणी खा म्हणून!"

दोन दिवसांत डबा रिकामा. सगळे तळून!

"तळले कशाला?" मी ओरडले.

"मग काय कच्चे चावू?" बाबा.

व्हिडिओ कॉलवरून आईने ताबडतोब हात वर केले. "हां, तेल मी नाय पाठवलं!"

*

आमच्या बिल्डिंगला स्विमिंग पूल आहे. दोघांचंही लहानपण पाण्यात गेलेलं. बाबांचं खाडीत, मामाचं नदीत. म्हटलं, हे तरी जमेल. मी वरून बघतेय, तर दोघं गळ्यापर्यंत पाण्यात उभे आणि गप्पा! तासाभराने वर आले, बोटांना सुरकुत्या पडलेल्या.

"हे पोहणं झालं? म्हशी डुंबतात अशा!"

बाबा टॉवेलने कान पुसत म्हणाले, "आपल्या पेणजवळच्या गडब गावच्या म्हशी बघितल्यास ना? एकीला तरी बीपीची गोळी हाय काय?"

*

एवढं करूनही बाबांचं वजन उतरलं. माझ्या कटकटीमुळे, दुसऱ्या कशामुळेही नाही! मग सुट्टीवर पेणला गेलो आणि सगळी आळी हळहळली. शेजारच्या काकूंनी मला बाजूला घेतलं. "खरं सांग गो, रिपोर्ट काय आला?" कीव करून प्रत्येकजण जेवायला बोलवायला लागला.

मी म्हटलं, निदान सकाळी चालून या. बाबा हायवेच्या बाजूने निघाले आणि लगेच परत आले. कुणाच्या तरी मोटरसायकलवर बसून! दुसऱ्या दिवशी रिक्षातून. तिसऱ्या दिवशी दुधाच्या टेम्पोतून.

"बाबा, नाही म्हणायचं ना!"

"अगो, माणूस मुद्दाम थांबून 'बसा दादा' म्हणतो. नाय कसं म्हणू? वाईट वाटतं त्याला!"

जेवढं उतरलं होतं त्यातलं अर्धं पेणनं परत चढवलं.

*

आणि मग मेडिकलचा दिवस आला. दोघांना गाडीतून मीच घेऊन गेले. वजन आणि शुगर, दोन्हीत दोघंही काठावर पास. राहिली फक्त पट्ट्यावर चालवून हृदय तपासायची टेस्ट. हे जमलं तर नोकरी, नाही तर बॅग भरायची. दोन मशीनं शेजारी शेजारी, मधे पडदा. छातीला वायरी लावून एकावर बाबा, दुसऱ्यावर मामा.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थक गये तो बोलना."

कोण बोलतंय! बाईंनी वेग वाढवला, चढ वाढवला. शेवटी त्या हसून म्हणाल्या, "बस! दोनो पास! उतरो."

मी जवळजवळ नाचलेच. पण कुणी उतरेना! बाई वेग कमी करायला गेल्या तर बाबांनी बटणावर हात ठेवला.

"बाबा, पास झालात! उतरा!"

"रोहा उतरला काय?"

पडद्यापलीकडून मामा धापा टाकत, "आधी पेणला उतरव!"

"ये रोहा कौन है?" बाईंनी मला घाबरून विचारलं.

आता बाबांचा चेहरा लालबुंद झाला होता. बाईंनी धावत जाऊन भिंतीवरचा मेन स्विचच पाडला. पट्टे, एसी, दिवे, सगळं बंद. मिट्ट काळोख. मी चाचपडत पुढे गेले, तर बाबा दांडा धरून लोंबकळत होते.

"दाजी," पलीकडून मामाचा आवाज आला, "लाइट गेली वाटतं. थांबलात काय?"

"थांबलो," बाबा कसेबसे म्हणाले. "तू?"

"मी चालतोय."